मग पुढे काय झालं?

पुस्तकांचं कपाट आवरताना एका कादंबरीतून मेथीचं सुकलेलं पान पडलं. भाजी निवडताना वाचायची माझी जुनी खोड. यंदा बरंच वाचलं. प्रवासवर्णनाने कंटाळा आणला, रहस्यकथेतला खुनी मध्येच कळला, या कादंबरीतल्या सासर सोडून आलेल्या मुलीने मात्र रडवलं.

आई असती तर म्हणाली असती, "मग पुढे काय झालं त्या पोरीचं?" जणू ती मागच्याच गल्लीत राहते. आईला सांगितल्याशिवाय माझं पुस्तक संपायचंच नाही.

संध्याकाळी मेथी निवडताना नवऱ्याला त्या मुलीबद्दल सांगू लागले. पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "मग, गेली का परत?"

जुडी निवडून झाली होती. मी देठ चिवडत सांगत राहिले.