नवरदेवाकडची जागा

अकोल्याच्या त्या दुकानात काउंटरवर दोन डबे उघडे पडले होते आणि हर्षाच्या पर्समध्ये पैसे एकाच डब्याचे होते. एका डब्यात कॅमेऱ्याची बॉडी, अंधारातही स्वच्छ फोटो देणारी. दुसऱ्यात पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, तोंडाने एवढी मोठी की मांडवातला असेल नसेल तेवढा उजेड ओढून घेईल. बाजूला तिचा मामेभाऊ शुभम उभा होता, पलीकडे दुकानदार धम्मदीप.

“बॉडी घे,” शुभम म्हणाला. “लोकं कॅमेरा पाहून फोटोग्राफर ठरवतेत. लेन्स कोनाले दिसते व?”

“फोटो त लेन्समधूनच येते ना भाऊ,” धम्मदीप म्हणाला. “पन मी काई सांगत नाही. मले दोन्ही विकायचेच हायेत.”

असा प्रामाणिक दुकानदार भेटला की गिऱ्हाइकाची पंचाईतच होते.

हर्षा अमरावतीची. घरचा धंदा फुलांचा. आई माणिकबाई हार आणि वेण्या गुंफायची, आणि ते पोचवायला हर्षा लहानपणापासून लग्नमांडवांत हिंडायची. तिथेच तिला कॅमेऱ्याचं वेड लागलं. मग ती शुभमच्या हाताखाली शिकली, आणि लग्नात तो व्हिडिओ करायचा, फोटो हर्षा काढायची. छान चाललं होतं. पण परतवाड्याच्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला आणि नवरीचा चेहराच हुकला. हाती लागला तो एकच फोटो, तोही अर्धवट वळलेला, हललेला, काळवंडलेला. मुलीकडच्यांनी अल्बम पाहिला आणि चारचौघांत बभ्रा झाला. शुभम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “आता पुढच्या मोर्शीच्या लग्नात असंच झालं त यापुढं तू अल्बम लावत जाय. फोटोले मी दुसरं कोनी पाहातो.”

अल्बम लावणं काही वाईट काम नाही. पण ज्याने एकदा कॅमेरा हाती धरला त्याला ते म्हणजे पंगतीतून उठवून वाढायला लावण्यासारखं. हर्षाला तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

निघताना आईला विचारलं होतं, तर ती हातातला दोरा न सोडता म्हणाली, “मले त्यातलं काय समजते, माय? पन टोपली कितीही चांगली असू दे, फुलंच शिळे निंगाले त काय कामाचं?”

हर्षाने लेन्सवर हात ठेवला. “ही द्या.”

शुभम बसमध्ये अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसला.

मोर्शीचं लग्न गोरज मुहूर्ताचं होतं, म्हणजे पत्रिकेत. मारुतीच्या देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण नवरदेवाचे मित्र बँडपुढे असे काही घुमले की वरात पुढे सरकेचना. भटजी घड्याळ दाखवून दाखवून थकले. दिवस बुडाला आणि मांडवात ते मेले निळे-गुलाबी दिवे लागले. कॅमेऱ्याची बॉडी जुनीच होती. आता सगळी भिस्त लेन्सवर.

आमच्या वऱ्हाडी मुलखात लग्नाला दोन्ही पक्ष आपापला फोटोग्राफर आणतात, आणि ज्याने बोलावलं त्याच्या बाजूला उभं राहायचं ही रीत. मुलीकडचा मुलीच्या मागे, मुलाकडचा मुलाच्या मागे. स्टेजसमोरून काढावं म्हटलं तर मोबाइल उंचावलेल्या काका-मावश्यांची भिंतच उभी असते. कुणी नियम केला नाही आणि कुणी मोडलाही नाही. मानपानाच्या गोष्टी अशाच चालतात.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. हर्षाला मुलीकडच्यांनी बोलावलेलं, तिने नवरीच्या मागे आपली जागा धरली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स खरोखर गुणाची निघाली. त्या अंधुक उजेडातही नवरदेवाच्या मुंडावळीचा मोती न् मोती दिसत होता. आणि नवरीचं? अनुपमाचा अंबाडा. अंबाड्यावरची वेणी. शालूचा काठ.

हर्षाने कॅमेरा खाली घेतला. परतवाड्यालाही ती इथेच उभी होती, नवरी कधी वळते याची वाट पाहत! वळली तेव्हा हललीच असणार. इतके दिवस आपण कॅमेऱ्याला शिव्या देत होतो. ती बॉडी आणली असती तरी काय, अंबाडाच तेवढा चांगला आला असता. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण रडायला वेळ कुठे होता? भटजी उशीर झाला म्हणून मंगलाष्टकं पळवत होते.

पलीकडे नवरदेवाच्या मागे मुलाकडचा फोटोग्राफर गोवर्धन भलामोठा कॅमेरा घेऊन टाचा उंचावत होता. त्याला फेट्याचा मागचा शेमला दिसत असणार, दुसरं काय?

हर्षा स्टेजच्या मागच्या पडद्याआडून वाकत पळाली आणि त्याच्यापाशी पोचली. “भाऊ, तुमच्या नवरदेवाचं तोंड तिकून दिसते. माह्या नवरीचं इकून. जागा बदला.”

“पागल झाली का? आमचे लोकं काय म्हनतीन?”

“तोंड नाही आलं त काय म्हनतीन?”

गोवर्धनने एकदा फेट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कॅमेरा सावरत पडद्याआड गेला.

तिकडे शुभमला तिची जागा रिकामी दिसली. तो व्हिडिओ सोडू शकत नव्हता, म्हणून नुसता हातवारे करत राहिला. इकडे नवरदेवाच्या मामांनी कोपर आडवं घातलं. “ओ बाई, तुमी मुलीकडच्या ना? व्हा तिकडं!”

हर्षा ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर चढली. अंतरपाटाच्या वरून अनुपमाची बिंदी तेवढी दिसत होती. अक्षता उडाल्या की जुन्या कॅमेऱ्याचा फोकस चेहरा सोडून तांदळाच्या दाण्यांमागे धावतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लेन्स हातानेच फिरवली, बिंदी लख्ख झाली तिथे थांबवली आणि बटणावर बोट घट्ट दाबून धरलं. श्वासही धरला. शुभमंगल सावधान! खुर्ची डगमगली. अंतरपाट खाली गेला, तांदळाचा पाऊस पडला, आणि मामांनी शिव्या घालत घालतच खुर्चीची पाठ धरली. कॅमेरा खटखट चालत राहिला.

वाजंत्री थांबायच्या आत नवरीची आई तिच्यापुढे येऊन उभी. मागे शुभम, चेहरा लाल.

“पोरी, तुले आमी आनलं,” बाईंनी बोट रोखलं. “ऐन टायमाले तू त्यायच्याकडं काहून गेली? आमची काई किंमत नाही का?”

हर्षाने खाली उतरून कॅमेऱ्याची स्क्रीन तेवढी त्यांच्याकडे फिरवली. फोटो कसा आला हे तिने स्वतःही अजून पाहिलं नव्हतं.

हवेत अक्षता थांबलेल्या आणि त्यांच्यामधून अनुपमा वर पाहत होती. डोळे काठोकाठ भरलेले, ओठ दाताखाली धरलेला, आणि तरीही हसू काही केल्या आवरत नव्हतं. पापणीवर तांदळाचा एक दाणा अडकला होता, तोही स्पष्ट.

बाईंनी कॅमेरा जवळ घेतला.

“अशी पाहात व्हती का ते?” त्यांनी विचारलं. “मी त तिच्या मागंच उभी व्हती. मले काईच दिसलं नाही व.”

शुभमने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला. मग घसा साफ करून तो म्हणाला, “हर्षे, होमाची तयारी झाली. फोटो तूच काढ. मी लाइट धरतो.”

पण हर्षाने जायचं कसं? कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात होता, आणि कॅमेरा नवरीच्या आईने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.