सुलटी बाजू बाहेर

आत्या गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला ऑफिसच्या पँट्रीत कप धूत होते. "ताई गेली गं," ते म्हणाले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसली होती, बसल्या जागीच... मी नळ बंद केला, कप पुसून जागेवर ठेवला. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता डोंबिवलीच्या घरी माणसं येतील, आणि पडदे धुतलेले नसतील तर तिला ते अजिबात चालणार नाही.

हे मी कौतुकाने लिहीत नाहीये. सुधाआत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याच घरी राहिली. मला ती फारशी आवडायची नाही. मराठीत एवढं लांब मी शाळेतल्या निबंधांनंतर लिहिलेलं नाही, पण निदान निबंधासारखं गोड तरी लिहायचं नाही, एवढं ठरवलंय. ते काम गेल्या महिन्याभरात भेटायला आलेल्या लोकांनी पुरेसं केलं. ती असताना तिच्या पाठीमागे आमच्या घराला "गोधडी" म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंनीच सोफ्याच्या कव्हरवरून हात फिरवत डोळे पुसले. "काय कला होती हो हातात!" आत्या असती तर म्हणाली असती, "आधी हात धुतलेत का?"

कल्याणच्या एका पडद्यांच्या दुकानात ती काउंटरवर होती, जवळजवळ तीस वर्षं. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला कापडाच्या तुकड्यांची जाडजूड पुस्तकं असतात. एखादं डिझाइन बंद झालं की ते पुस्तक टाकून देतात. आमच्याकडे काही टाकलं जात नसे. आत्या ती पुस्तकं घरी आणायची, तुकडे सोडवायची, एकमेकांना जोडायची. पडदे, उशांचे अभ्रे, फ्रिजचं कव्हर, मिक्सरचं कव्हर, गॅस सिलिंडरलासुद्धा झालर लावलेला झगा. पैसे वाचत, हे खरं. पण आमचं घर म्हणजे लोकांना नको झालेल्या डिझाइन्सचं कायमचं प्रदर्शन होतं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मैत्रिणी येणार होत्या तेव्हा मी म्हटलं, "आत्या, प्लीज, आजच्या दिवस फ्रिजचं कव्हर काढ ना."

"का? मैत्रिणी फ्रिज बघायला येतायत का?"

त्या आल्या. एकीने चारी बाजूंना बघून अगदी भोळेपणाने विचारलं, "ही थीम आहे का?" मी हो म्हटलं. त्यानंतर मी कुणालाही घरी बोलावलं नाही.

स्वतःचं घर असं सजवणारी बाई दुसऱ्यांच्या घरांबद्दल गप्प बसेल असं वाटेल. छे. माझ्या मावसभावाने ठाण्यात एका टॉवरमध्ये घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला आत्या सगळ्यांदेखत पडद्याचं टोक उचलून शिवण बघत उभी होती. "चुण्या बघ. खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, यांनी दीडपटीतच उरकलंय," ती मला म्हणाली, कुजबुजल्यासारखं करून, पण वहिनीला ऐकू जाईल असं. "एवढ्या उंच जाऊन राहायचं आणि कापडात चिकटपणा करायचा!" मी जमिनीकडे बघत होते. पडदे खरंच बारकुडे होते, पण मी ते कबूल केलं नाही.

तिची खरी खोड मात्र वेगळीच होती. पडद्याची सुलटी बाजू नेहमी बाहेर. खिडक्यांचे पडदे रस्त्याकडे तोंड करून, दाराचा पडदा जिन्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगीत चौकोन दिसायचे. आम्हाला शिवणी, लोंबणारे दोरे आणि प्रत्येक तुकड्यामागचा डिझाइन नंबरचा शिक्का. जेवताना माझ्या समोर कायम तेच चार आकडे असायचे. आम्ही आयुष्यभर पडद्यांच्या उलट्या बाजूला राहिलो. "लोकांना काय दिसतं ते महत्त्वाचं," ती म्हणायची. मला लोक नकोच असायचे. पाहुणे आले की मी कोपरा शोधायचे. त्या घरात एखादी तरी गोष्ट लोकांसाठी नसावी, माझ्यासाठी असावी, एवढंच मला हवं होतं. पण ते मागायला लागतं, आणि मला मागता येत नाही.

नाही म्हणायला माझी कॉट होती. मी पाचवीत असताना हॉलच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला ती टाकली आणि आत्याने तिला तारेवरचा पडदा लावला. सगळे पिवळे तुकडे. घरातला हा एकच पडदा उलटा लागला होता. पिवळी बाजू आत, माझ्याकडे. शिवणी आणि नंबर हॉलमध्ये, पाहुण्यांच्या समोर. येणारा प्रत्येक जण तिला सांगायचा, "सुधाताई, हा पडदा उलटा लागलाय."

"असू दे," ती म्हणायची.

एवढ्या टापटिपीच्या बाईच्या हातून झालेली ही एकच चूक, आणि ती मान्य करायचीही नाही! मला त्याचा फार आनंद व्हायचा. आत पडून मी पाहुण्यांना ते म्हणताना ऐकायचे आणि हसायचे.

दोन महिन्यांपूर्वी मी ठाण्यात कोपरीला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. निघताना आमचं वाजलं. मी म्हटलं, "तुला घर नकोच होतं आत्या, तुला शोकेस हवं होतं." एवढं मोठं वाक्य मी तिला कधीच बोलले नव्हते. ती माझ्या बॅगेची चेन लावत होती. "तळमजला आहे," एवढंच म्हणाली. "आधी पडदा लाव." तीच आमची शेवटची भेट.

परवा बाबांनी रंगकाम काढलं, म्हणून मी सगळे पडदे उतरवायला गेले. पिवळा शेवटी काढला. त्याची एक कड कपाटाच्या खिळ्यांना बांधलेली असायची, त्यासाठी तीन नाडे होते. ते सोडून पडदा गोळा करताना दुसऱ्या, मोकळ्या कडेवर बोट फिरलं. तिथेही सुईची भोकं होती, तीन ठिकाणी, तितक्याच अंतरावर. म्हणजे नाडे आधी त्या कडेला होते, पडदा इतर पडद्यांसारखाच शिवला होता, सुलटी बाजू हॉलकडे. मग कधीतरी तिने तिन्ही नाडे उसवले, या कडेला लावले आणि पडदा फिरवला. दर दिवाळीला तो धुतला जायचा आणि दर दिवाळीला तसाच परत लागायचा. कधी फिरवला, का फिरवला... तिने सांगितलं नाही. मी तर चूक समजून हसत होते.

तो आता कोपरीच्या खिडकीला आहे. खिडकीचा थोडा भाग उघडाच राहतो, चुण्या पडत नाहीत, आत्याने नाक मुरडलं असतं. काल घरमालकीणबाई खिडकीसमोरून जाताना थांबल्या. "अगं, पडदा उलटा लागलाय तुझा. शिवणी दिसतायत सगळ्या."

"असू दे," मी म्हटलं.