मेलेल्यांची वाढती वयं

"आदी बस तं खरी. मेलेली मानसं कुठं पलून चाललीत?" असं म्हणत आय शेजारची फरशी हाताने थोपटायची आणि पुन्हा विकायचे सुके बोंबील निवडायला लागायची. मी वही उघडून तशीच बसून राहायचे.

आय म्हणजे आमची घरमालकीण. कोपरखैरण्याच्या गावठाणात तिची बैठी चाळ, त्यातल्या एका खोलीत आम्ही. सगळी गल्ली तिला आयच म्हणायची. तुमच्याही शेजारी असं कोणी असेल, ज्याच्याशिवाय काम होत नाही आणि ज्याच्यामुळे ते वेळेवरही होत नाही.

माझं काम गेल्या वर्षीच्या कॉलेजच्या प्रकल्पाचं होतं. आमच्या गावठाणातली आणि पलीकडच्या टॉवरमधली माणसं कितव्या वर्षी गेली, ते विचारायचं. नुसती सरासरी नको होती. कोण फार लवकर गेलं, कोण पुरतं जगून गेलं, यातलं अंतर मोजायचं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, खरी विषमता त्या अंतरात दिसते. टॉवरचं मैत्रिणीने केलं. गावठाण माझ्याकडे आलं. पण दारोदार जाऊन "तुमच्याकडे कोण, कितव्या वर्षी वारलं?" असं विचारायला माझं तोंड उघडेना. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. चुकायची फार भीती वाटायची. आयला मात्र गल्लीतले सगळे मेलेले पाठ होते.

"सासरा शंभर. नवरा ऐंशी. थोरला पोरगा पन्नास."

मी भराभर लिहून घेतलं. हिशोब केला, तर गावठाणातली माणसं टॉवरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त जगलेली निघाली! मॅडमनी वही परत दिली. "पुन्हा जाऊन विचार," एवढंच म्हणाल्या.

"आय, नवरा कधी गेला तुझा?"

"मिठागरं व्हती तवा."

"मग ऐंशीचा कसा होता?"

"व्हता कुठं? आज असता तं ऐंशीचा झाला असता."

मी कपाळाला हात लावला. तिने गल्लीतल्या एकेका मेलेल्याचं वय आजपर्यंत वाढवत आणलं होतं. मला रडू यायच्या बेतात होतं. "असता नको गं आय, होता सांग!"

"व्हता सांगितला तं थोरला सा वर्सांचा व्हतो."

"मग सहाच लिहायचं."

तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "आनि मी गेल्यावर सा वर्सांच्या पोराला कोन बगंल?"

मी वही मिटून उठले.

मग लक्षात आलं. पितृपक्षात ती थोरल्याचं पान वेगळं वाढायची. वहिनी, म्हणजे तिच्या धाकट्या मुलाची बायको, सांगायची, पूर्वी आय त्याला दूधभात ठेवायची. मग तिखट कालवण सुरू झालं, मग चहा. अलीकडे वहिनीवर ओरडायची, "मीठ कमी घाल गो! पन्नाशी झाली त्याची, बीपी असंल."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन म्हणाली, "लिव सा. बाकीची पन खरी सांगते. पन ती तुज्या कालेजात. माज्या घरात नाय."

तिने खरी वयं सांगितली, तीही रमतगमत, मध्येच गिऱ्हाइकाशी भांडत. मी चरफडत लिहून घेतली. गावठाणाची सरासरी धपकन खाली आली. टॉवरमध्ये बहुतेक जण म्हातारपणीच गेले होते. आमच्या गल्लीत मात्र आयने ऐंशी-शंभरची सांगितलेली माणसं मिठागरावर तरणीताठी संपली होती, पोरं तापाने गेली होती. मॅडम म्हणाल्या, आता बरोबर आलं. मला बरोबर आल्याचा आनंद काही झाला नाही.

या उन्हाळ्यात आय गेली. तिचं नेमकं वय कोणालाच सांगता आलं नाही. ती दुसऱ्यांचंच मोजत राहिली होती.

परवा पितृपक्षात वहिनी पळी हातात घेऊन आमच्या दारात आली. तिच्या घरात दोन पानं मांडलेली दिसत होती, शेजारी शेजारी.

"गो, थोरल्याला या साली किती?"

"एक्कावन्न," मी म्हणाले. "मीठ कमीच घाला."