मैनेला गूळ कोण देतंय?

लातुरात वरातीसाठी घोडी हवी असली की लोक ताहेरकडे जात. तो शिंगरं शिकवतो कसा, हे बघायला मात्र कुणी थांबत नसे. बघण्यासारखं त्यात काही नसायचंच. सकाळची नमाज झाली की खरारा, मग लगाम धरून उभं राहायचं. नुसतं उभं. शिंगराचे चारी पाय ठरले की गुळाचा खडा. एक पाय हलला की ताहेर दगडासारखा, खडा मुठीतच. मारणं नाही, ओरडणं नाही. "आज एक आन् उद्या दुसरं केलं, की जनावर येडं होतं," म्हणायचा.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात त्याने माळेगावच्या यात्रेतून मैना आणली. अडीच वर्षांची, दुधासारखी पांढरी. पंधरा दिवसांत ती देवळातल्या दीपमाळेसारखी उभी राहू लागली, आणि मग काय बिनसलं कोण जाणे, पुढच्या पायाने जमीन आपटायला लागली. धप्, धप्.

त्या दिवसांत जमीन अजून अधूनमधून हलायची. तो आवाज आला की अख्खी गल्ली हातातलं टाकून रस्त्यावर. "मुक्या जनावराला आधी कळतं," कुणीतरी म्हणालं. मग कुणी म्हणालं, हीच भूकंपाला बोलावतीय. शेवटी किराणावाले आप्पासाहेब सगळ्यांच्या वतीने सांगून गेले, "ताहेरभाई, शिवरात्रीपर्यंत बघू. तवर शांत झाली तर ठीक, न्हाईतर तबेला हलवा."

हलवायचा कुठे? गावात घोडी बांधायला दुसरी जागा नव्हती. तबेला गेला की ताहेरचं कामच संपलं.

कुणीतरी मैनेला मुद्दाम बिघडवतंय असं त्याला वाटलं, आणि संशय आला तो आप्पासाहेबांचाच. बारावीच्या शिकवणीला लोहा-मुरुडपासून पोरं येऊन राहू लागली होती, खोल्या मिळत नव्हत्या. तबेल्याच्या जागेवर आप्पासाहेबांना सहा खोल्या सहज काढता आल्या असत्या. आणि एका दुपारी मैनेच्या ओठांना गुळाचा वास आला. दुपारी तर तो कधीच गूळ देत नसे!

"तूच देत असशील," तो आधी बायकोवर घसरला.

"मी?" अमीरबीने परात आपटली. "पोरांच्या चहात मोजून गूळ टाकते, आन् तुमच्या लाडकीला चारू? दाढी पिकली, अक्कल कवा पिकणार?"

शुक्रवारी दुपारी तो नमाजेला निघाला आणि कोपऱ्यावरून गुपचूप परत फिरला. तबेल्याच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावला.

आप्पासाहेब नव्हते. शेजारची सिद्धम्मा होती. किल्लारीकडे भूकंपात बहीण गमावलेली, तेव्हापासून छपराच्या भीतीने घरात पाय न टाकणारी. मैनेने पाय आपटला. सिद्धम्माने हात जोडले, पदरातून खडा काढून तिच्या तोंडाशी धरला. "गप ऱ्हा गं माय. घे, खा, पर हलू नको."

ताहेरला आता उलगडलं. सकाळी पाय ठरला की गूळ, दुपारी पाय आपटला की गूळ. घोडी कुणाचं ऐकणार?

"मावशी," तो आत येऊन म्हणाला, "तुमीच तिला शिकवताय."

"मी कशाला शिकवू? मी तर हात जोडते तिला!"

"हातच जोडा. पर चारी पाय टेकल्याबिगर खडा देऊ नका. दुपारी तुमीच द्यायचा, रोज."

"आन् तवर जमीन हलली तर?"

ताहेर तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

पहिल्या दिवशी मैनेने गूळ मागून मागून जमीन उकरली. गल्ली बाहेर पळाली. सिद्धम्माने मात्र मूठ उघडली नाही. आठ दिवसांत धप्-धप् एका धपवर आली.

शिवरात्रीच्या आदल्या दुपारी आप्पासाहेब चारजणांना घेऊन आले. मैनेने नेमका पाय आपटला. चौघे उंबऱ्याबाहेर, आप्पासाहेबांचा हात खांबाला.

सिद्धम्मा जागची हलली नाही. चारी पाय ठरायची वाट बघितली, खडा दिला, आणि मागे वळून म्हणाली, "घोडी हलली, आप्पासाहेब. जमीन न्हाई."

आप्पासाहेबांनी खांब सोडला. पायाखाली नीट बघून घेतलं, मग मैनेकडे. ती गूळ चघळत उभी होती. त्यांचा विश्वास काही बसलेला नव्हता; पण सिद्धम्मा नुसती उभी असताना आपण खांब धरला, हे चौघांनी बघितलं होतं. "बरं, ऱ्हाऊ द्या तबेला," एवढंच म्हणून ते दुकानाकडे गेले.