सात काटे आणि लालसाबची नजर

साहेब हसून बोलला की लालसाब सावध व्हायचा. रागावलेला साहेब त्याला चालायचा. रागावलेला काय करणार हे ठाऊक असतं; हसणारा काय घेऊन आलाय, कुणी सांगावं! सोलापूरच्या गिरणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा अनुभव होता, आणि तो फुकटचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी असेच दोन हसरे गृहस्थ हातात घड्याळ घेऊन आले होते. "तुमचं काम सोपं करायला आलोय," म्हणाले. कोण किती वेळात गाठ मारतो, कोण किती वेळा पाणी प्यायला जातो, सगळं टिपून घेतलं, चहा प्याले आणि गेले. महिन्याभरात सहा माणसं घरी बसली. त्यांचं काम खरोखरच फार सोपं झालं.

लालसाब सायझिंग खात्यात होता. सायझिंग म्हणजे ताण्याच्या, मागावर उभ्या लागणाऱ्या, सुताला खळ पाजायची. हजारो धागे एका ओळीत उकळत्या खळीच्या पेटीतून जातात, वाफेवर तापलेल्या पिंपांवर वाळतात आणि पलीकडे रुळावर गुंडाळले जातात. खळ पातळ झाली तर धागा मागावर तुटतो, जाड झाली तर कडक होऊन मोडतो. मशीनच्या अंगाला भिंतीवर लांबलचक फळा होता, त्यावर सात तबकड्या आणि सात काटे. वर रंगवलेला नियम: 'दर पाच मिनिटांनी सातही काटे पाहावेत.'

लालसाब दोनच पाहायचा. एक वाफेचा, एक खळीच्या उष्णतेचा. दोन्ही फळ्याच्या डाव्या टोकाला, तो पेटीपाशी उभा राहायचा तिथून हातभर अंतरावर. उरलेले पाच काटे त्याच्या लेखी गेल्या सालचं कॅलेंडर होते. त्याची नजर सुतावर, नाक खळीवर, आणि मधूनच एखादा धागा चिमटीत. त्याच्या पाळीतल्या ताण्याला मागवाल्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. पण हे त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं. नियम तो नियम, आणि सहा माणसं घरी बसली होती.

अशात त्र्याहत्तर साली डॉक्टर शिवयोगी आले. हे सुईवाले डॉक्टर नव्हेत. मूळचे अक्कलकोटकडचे, मुंबईला एका संस्थेत माणसाचं मन आणि यंत्र यांचा मेळ कसा बसतो याचा अभ्यास करणारे. चेहरा हसरा. लालसाबनं तेवढं पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं!

"यंत्रावर काम करताना माणूस नेमकं कुठं बघतो, त्याची आम्ही फिल्म घेतो," डॉक्टर म्हणाले. "काटे चुकीच्या जागी असले तर मान दुखते, चूक होते. माणसाची नजर जिथं जाते तिथं काटा न्यायचा, काट्याकडं माणसाला ओढायचं नाही."

इतकं समजावून झाल्यावर खातेप्रमुखानं सगळ्यांपुढं त्याचं सार काढलं, "उद्या लालसाबची नजर काढायची आहे."

सबंध खातं हसलं. कुणी म्हणालं मीठ-मोहऱ्या आणा, कुणी म्हणालं लिंबू आणा. घरी बायकोला, अकबरीला कळलं तेव्हा तीही पदर तोंडाला लावून हसली. "नजर निकालने को बम्बईसे डाक्टर कायकू? मैं निकालती की, मिर्च्या हैंच घर में!"

लालसाबला हसू आलं नाही. भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत तो बसून राहिला. घड्याळवाल्यांनी फक्त हात पाहिले होते. हा बाबा थेट डोळ्यात शिरणार. मी कुठं बघतो ते त्याला दिसलं, म्हणजे मी कुठं बघत नाही तेही दिसणारच की! वीस वर्षं न पाहिलेले पाच काटे उद्या साक्षीला उभे राहणार. मग सातवा माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

सकाळी भोंगा झाला तेव्हा त्याचं ठरलं होतं. डोळे आपले आहेत ना? मग आपण फिरवू तसे फिरतील.

डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावर टोपडं चढवलं. कपाळावर छोटा कॅमेरा, बाजूला बारीक दिवा. दिव्याचा उजेड बुबुळावर पडायचा, तिथून परतायचा आणि फिल्मवर पांढरा ठिपका होऊन उमटायचा. माणूस जिथं बघेल तिथं ठिपका. आधी डॉक्टरांनी कागदावरच्या नऊ खुणा एकेक करून बघायला लावल्या. "छान, जुळलं," ते म्हणाले. काय जुळलं ते लालसाबनं विचारलं नाही.

मशीन सुरू झालं आणि लालसाबनं फळा वाचायला घेतला. नेमानं, एकेक काटा, ओळ वाचावी तसा. सातवा झाला की पुन्हा पहिल्यापासून. सुताकडं बघायची इतकी हुक्की यायची की डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं मान वळवली नाही. त्या तासाभरात खळ जराशी पातळ झाली, हे त्याला वासावरून कळलं. तरी तो काटेच वाचत राहिला.

आठ दिवसांनी फिल्म धुऊन आली. डॉक्टरांनी कँटीनच्या भिंतीवर दाखवली. पांढरा ठिपका उजव्या टोकाच्या काट्यावर बसला, क्षणभर थांबला, डावीकडच्या काट्यावर सरकला, मग त्याच्या डावीकडच्या. डाव्या टोकाला पोचला की उडी मारून परत उजवीकडं. तासभर तेच.

लालसाबच्या अंगावर काटा आला. ती चाल त्याच्या ओळखीची होती. लहानपणी मशिदीजवळच्या मक्तबात तो तीन वर्षं उर्दू शिकला होता. मौलवीसाहेबांची काडी अशीच ओळीवरून सरकायची, उजवीकडून डावीकडं. आयुष्यात त्यानं जे काही वाचन केलं ते तेवढंच. वाचायचं सोंग आणायला गेला आणि सोंगानं आपली लिपी निवडली.

डॉक्टर मात्र हरखून गेले होते. "लालसाब, तुम्ही नेहमी उजव्या टोकापासून सुरू करता?"

हा फास आहे, लालसाबच्या मनानं घेतलं. नाही म्हणावं तर सोंग उघडं पडतंय. "व्हय की," तो म्हणाला.

"नक्की? तुम्ही तर डाव्या बाजूला उभे असता."

"पयल्यापास्नं तसंच हाय, सायब."

डॉक्टरांनी जाताना पुन्हा एकदा, एकटं गाठून विचारलं, "काही सांगायचं राहिलं का? मोकळेपणानं सांगा." त्या वेळी लालसाबच्या जिभेवर आलं होतं. पण डॉक्टर हसत होते. हसणाऱ्याला कुणी खरं सांगतं का? त्यानं नुसती मान हलवली.

माणसं कमी झाली नाहीत. सहा महिन्यांनी झाला तो नवा फळा. मुंबईच्या कागदात लिहिलं होतं की कामगाराची नजर उजव्या टोकापासून सुरू होते, तेव्हा सर्वांत महत्त्वाचे काटे तिथंच हवेत. वाफेचा आणि उष्णतेचा, दोन्ही काटे डावीकडून उचलून उजव्या टोकाला नेले. खळीची पेटी जागच्या जागी. आता पेटीपाशी उभं राहून वाफ बघायची तर मान मोडेपर्यंत वळवा, नाहीतर आठ पावलं चालत जा. लालसाबची नजर खरोखरच काढली होती, आणि उलटी बसवली होती.

दुसऱ्या पाळीला कल्लप्पा असायचा. मंगळवेढ्याकडचा, पंचविशीचा, तोंडानं फटकळ. पाळी बदलताना तो रोज एकदा फळ्याकडं बघून शिवी हासडायचा. "कुन्या आंधळ्यानं बनिवलाय ओ चाचा ह्यो?"

"काय म्हाईत," लालसाब म्हणायचा आणि डबा उचलायचा.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाफ चढली ती कल्लप्पाला वेळेवर दिसली नाही. तो पेटीवर वाकलेला, काटा आठ पावलांवर. खळ उसळली आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. लालसाब रोज इस्पितळात जायचा, मोसंबी सोलून द्यायचा. शरमेनं त्याला त्या हाताकडं बघवायचं नाही. त्याला फार वाटे, आता सांगावं. पण भाजलेल्या माणसाला आपलं पाप सांगून आपण हलकं व्हायचं, हा कुठला न्याय? असं स्वतःला समजावत तो घरी यायचा. खरं कारण साधं होतं: तो घाबरत होता.

एकोणऐंशीत डॉक्टर शिवयोगी पुन्हा आले. केस पिकलेले, हसू तेच. फळ्याची तक्रार मुंबईपर्यंत पोचली होती. या खेपेला टोपडं कल्लप्पाच्या डोक्यावर चढणार होतं.

आदल्या दिवशी पाळी बदलताना कल्लप्पानं लालसाबला पाण्याच्या टाकीमागं ओढलं. "चाचा, ह्ये लोक काय बगाय आल्यात? माजा न्हाय इस्वास. तवा तुमची फिल्म घेतली, तरी कुनाची नोकरी न्हाय गेली. तुमी त्येस्नी कसं गुंडाळलं? मला बी शिकवा की."

लालसाबनं त्याच्या हाताकडं पाहिलं. कातडी अजून चकाकत होती.

"कल्ल्या, तू रोज त्या आंधळ्याला शिव्या देतूस न्हवं? त्यो मीच."

"काय?"

"मी खोटं बगितलं. नोकरी जाईल म्हनून. सुताकडं बगायचं सोडून काटे वाचत बसलो, ते बी उलटे. मी बगितलं तसा त्येनी फळा केला. तुजा हात माज्या डोळ्यानं भाजला. तू खरं बग. ह्ये लोक चांगले का वाईट, मला अजून बी म्हाईत न्हाय. पर जे खरंच बगतूस तेच बग."

कल्लप्पा वळला आणि खात्याकडं चालू लागला. शिवीसुद्धा दिली नाही, आणि तेच लालसाबला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी आपली पाळी संपवून लालसाब घरी गेला नाही. खात्याच्या दाराशी उभा राहून कल्लप्पाचं काम बघत राहिला. कल्लप्पा खरं बघतोय की खोटं, ते दारातून कळेना. मधूनच मान दाराकडं वळायची, पण टोपड्याच्या दिव्यामागचे डोळे दिसायचे नाहीत.

आठ दिवसांनी कँटीनच्या भिंतीवर पुन्हा ठिपका उमटला. हा ठिपका ओळीत चालत नव्हता. सुतावर बसायचा, खळीवर जायचा, मग एकदम भिरभिरत आठ पावलांवरच्या वाफेच्या काट्याकडं आणि तितक्याच घाईनं परत. मधले काटे त्याच्या खिजगणतीत नव्हते. डॉक्टर पुढं सरकून बघू लागले. "आता खरं कळतंय," ते पुटपुटले. लालसाबच्या छातीवरचा सहा वर्षांचा दगड हलला. पोरानं खरं बघितलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरचं चित्र फिरलं. खात्याचं दार आलं, दारात डबा घेऊन उभा असलेला लालसाब आला, आणि ठिपका येऊन बरोबर त्याच्या तोंडावर बसला. कुठल्याही काट्यावर थांबला नव्हता इतका वेळ तो तिथं थांबला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा.

डॉक्टरांनी चक्रावून विचारलं, "हे काय, कल्लप्पा? यांच्याकडं सारखं का बघत होता?"

कल्लप्पानं भाजलेला हात मांडीवर घेतला. भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला, "ह्यो आठवा काटा हाय, सायब. ह्येच्यावर बी लक्ष ठिवावं लागतं."

सगळे हसले, डॉक्टरही हसले. लालसाबनं मान खाली घातली.