गोणीतली माती

बाळांनो, परवा फोनवर मी तुम्हाला मातीचे अर्थ सांगितले. काम बिघडलं की त्याची माती होते, घोडचूक केली की माती खाल्ली म्हणतात, माणूस गेला की त्याला माती देतात. फोन ठेवल्यावर वाटलं, सगळे वाईटच सांगितले. म्हणून आज एका बाईंविषयी लिहिते.

त्यांचं नाव मला ठाऊक नाही. त्या बोनकोड्याच्या, नवी मुंबईतल्या जुन्या गावच्या. नव्या शहरासाठी शेत गेलं तेव्हा तिथली माती त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवली आणि वर्षानुवर्षं तिच्यात भेंडी लावली. आता ती इमारत पाडून नवी बांधायची आहे. एका सकाळी त्या रिक्षातून गोण्या घेऊन आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उतरल्या.

पाडकामाचा राडारोडा समजून वॉचमन ओरडला, "ओ मावशी, डेब्रिज इथं टाकायचं नाय!"

"डेब्रिज तुझे घरान! माझे शेताची माती हाय ती. तुमचे नारलाखाली जागा हाय, तिथं ऱ्हाऊ दे. नायतर डंपरान जाईल."

मी कमिटीवर आहे, म्हणून लगेच हो म्हटलं. नारळाखाली गोण्या रिकाम्या करून त्यांनी उकिडवं बसून एकेक ढेकूळ मुठीत फोडलं. मी म्हणाले, "नवी गच्ची मिळेपर्यंत गोणीतच ठेवायची होती."

"गोनीन झोपून ऱ्हाईल ना ती," त्या म्हणाल्या. "तिला कामाला लावाला पायजे."

मग तिथं मेथी पेरून त्या रोज बाटलीतून पाणी आणू लागल्या. काल मेथीची पहिली जुडी त्यांनी वॉचमनच्या हातात ठेवली.

"घे," म्हणाल्या, "तुझा डेब्रिज."