आगीवर चाललेले आतोबा

आमच्या आतोबांइतका आगीला भिणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात नसेल आणि त्यांच्याइतका धीट माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आतोबा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. तरुणपणी ते कारंज्याहून कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले, बंदरात आगबोट पाहिली आणि घरी परतायचं विसरून खलाशी झाले. काही वर्षांनी परतले ते हा धाक घेऊनच. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी घासलेटचा डबा चुलीपासून किती लांब आहे ते बघत. कडब्याच्या गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसून ती आतून तापली का ते चाचपत. एका लग्नात तर त्यांनी गॅसबत्तीखालचा गवताचा भारा ऐन मंगलाष्टकांत डोक्यावर घेतला आणि नवरा-नवरीच्या मधून वाट काढत थेट रस्त्यावर नेऊन टाकला. आत्या पदराआड हसत होती.

मीही हसत असे. मग एकदा त्यांनी मला बोटीची हकिकत सांगितली. बोटीच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि शेजारीच दिव्याच्या कार्बाइडची पिंपं. भर समुद्रात एक गाठ आतून धुमसायला लागली. पाणी मारावं तर कार्बाइड भिजून पेट घेणारा वायू सुटणार, झाकण उघडावं तर वाऱ्यानं कापूस भडकणार. कप्तानानं सगळी तोंडं बंद करून फटी बुजवून घेतल्या आणि पुढचं बंदर येईपर्यंत ही मंडळी त्या आगीवरच जेवली, निजली, कामं करत राहिली.

"पायाले चटका बसे," आतोबा म्हणाले, "पण आमी हळूच चालो. जोरात पाय पडला तं ते जागी होईन, असं वाटे."

कारंज्याच्या, कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये ते रोज गाठी हुंगत फिरत, म्हणून मालकानं त्यांना फाटकातच अडवायला सांगितलं होतं. एका दुपारी रेल्वेला जाणाऱ्या गाड्या भरून बाहेर पडल्या, तेव्हा आतोबा रस्त्यावरच उभे होते. एका गाठीवर त्यांनी तळवा ठेवला, कान लावला आणि ही खाली उतरवा म्हणाले. मुनीम चिडला. आतोबा सरळ बैलांपुढे जाऊन बसले. शेवटी मालक स्वतः आला.

"कायले अडून राह्यले, भाऊ?"

"शेठ, इथं फोडली तं एक गाठ जाईन. समुद्रात पेटली तं त्या लोकायनं पळावं कुठं?"

मालकानं गाठ उतरवून तिच्या लोखंडी पट्ट्या तोडायला सांगितलं. मोकळ्या मैदानात पांढऱ्याशुभ्र कापसाचे थर एकेक सुटत गेले. मुनीम हसायच्या बेतात होता, तोच एक थर पिवळसर निघाला, त्याखालचा काळा, आणि अगदी गाभ्यात वारा लागताच लाल निखारा उघडला. हमालसुद्धा मागे सरले. पुढे झाले ते आतोबाच. शांतपणे, घागरीमागून घागर ओतत त्यांनी तो विझवला, मग तिथंच मातीत बसले.

आतोबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा मुंबईचं बंदर पाहिलं. गाठींनी भरलेली एक बोट सावकाश निघाली होती. कठड्याशी एक खलाशी धुतलेला सदरा वाळत घालत होता, बहुधा काहीतरी गुणगुणत. माझा हात आपोआप वर गेला. त्यानंही ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला आणि दुसरा सदरा पिळायला घेतला.